कर्नल कोसळला, मागे काहीच उरले नाही: क्रॅशच्या नोंदींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागांतले कारखाने, काही पतसंस्था आणि ऊस वजनकाट्यांच्या खोल्या येथे बसवलेल्या लिनक्स सर्व्हरांची देखभाल करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. तक्रार बहुधा एकच असते: मशीन कोसळते, पण ते का कोसळले याचा मागमूस राहत नाही. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

१. कर्नल क्रॅश म्हणजे नेमके काय? एखादा प्रोग्रॅम बंद पडतो त्यापेक्षा त्यात वेगळे काय?

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क तोच सांभाळतो. प्रोग्रॅम बंद पडला तर कर्नल जिवंत असतो. तो त्या प्रोग्रॅमची मेमरी मोकळी करतो, हवी असल्यास त्याची प्रत डिस्कवर ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. कर्नल स्वतःच कोसळला तर मागचे आवरायला कोणीच उरत नाही. लिनक्समध्ये याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीला ‘ऊप्स’ म्हणतात: कर्नलच्या एखाद्या भागात चूक झाली, तो भाग चालवणारी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मारली गेली, परंतु यंत्रणा लंगडत का होईना चालू राहिली. दुसरी पायरी म्हणजे ‘पॅनिक’, ज्यात कर्नल पुढे चालण्याचेच नाकारतो. ऊप्सनंतर चालू राहिलेले मशीन बरे झाले असे समजू नये. मेलेल्या प्रोसेसने धरून ठेवलेले कुलूप (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) तसेच राहू शकते आणि तासाभराने दुसऱ्याच ठिकाणी सगळे अडते, आणि मग आपण त्या दुसऱ्या ठिकाणी दोष शोधत बसतो. म्हणून सर्व्हरवर ‘पॅनिक-ऑन-ऊप्स’ हे सेटिंग १ ठेवावे, असे माझे मत आहे.

२. सर्व्हर रात्री आपोआप रीस्टार्ट झाला. लॉगमध्ये २ वाजून १० मिनिटांची साधी नोंद आहे आणि त्यानंतर थेट नवीन बूट. मधले कुठे गेले?

ते कधी डिस्कपर्यंत पोहोचलेच नाही. कर्नल आपले संदेश मेमरीतल्या एका गोल पट्ट्यात लिहितो. हा पट्टा साधारणपणे १२८ किंवा २५६ किलोबाइटचा असतो आणि भरला की जुने पुसून नवे लिहिले जाते. तिथून ते संदेश उचलून डिस्कवर ठेवण्याचे काम जर्नल किंवा सिसलॉग ही सेवा करते, आणि ही सेवा म्हणजे एक साधा प्रोग्रॅम आहे. पॅनिक झाल्यावर कोणत्याही प्रोग्रॅमला प्रोसेसर मिळत नाही. त्यामुळे पॅनिकचा मजकूर मेमरीत व्यवस्थित लिहिलेला असतो, फक्त तो उचलणारा हमाल आधीच कामावरून काढलेला असतो. मशीन रीस्टार्ट होते आणि मेमरी नव्याने वापरात येते.

यात आणखी एक बारकावा आहे. जर्नल प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ते ५ मिनिटांपर्यंत थांबते आणि फक्त ‘क्रिटिकल’ किंवा त्यावरच्या गंभीरतेचे संदेश तत्काळ पक्के करते. म्हणजे पॅनिकच्या आधीच्या काही मिनिटांतल्या साध्या नोंदीही हरवू शकतात. तुमच्या लॉगमधली २ वाजून १० मिनिटांची ओळ ही क्रॅशची वेळ नसून, जी शेवटची ओळ वाचली तिची वेळ आहे. क्रॅश २ वाजून १४ मिनिटांनीही झालेला असू शकतो.

३. आमच्याकडे तर मागच्या बूटचा लॉगच दिसत नाही. प्रत्येक वेळी पाटी कोरी.

तुमचे जर्नल बहुधा मेमरीतच साठवले जात आहे. ‘व्हार’ खालील ‘लॉग’ या फोल्डरात ‘जर्नल’ नावाचा फोल्डर नसेल, तर मूळ सेटिंगप्रमाणे जर्नल ‘रन’ मध्ये लिहिले जाते आणि रीस्टार्टबरोबर जाते. तो फोल्डर तयार करावा, किंवा जर्नलच्या सेटिंग फाइलीत ‘स्टोरेज’ समोर ‘पर्सिस्टंट’ लिहावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. त्यानंतर ‘जर्नलसीटीएल’ ला ‘के’ आणि ‘बी उणे १’ हे पर्याय दिले की आधीच्या बूटमधले कर्नलचे संदेश मिळतात. याने पॅनिकचा मजकूर मिळेलच असे नाही (कारण प्रश्न २ मध्ये), पण आधीच्या दिवसांतले ऊप्स, डिस्कच्या तक्रारी आणि मेमरीचे दोष मिळतात. अर्धी प्रकरणे मला तेवढ्यावरच सुटलेली दिसली आहेत.

४. लाइट गेली होती की कर्नल पडला होता, हे कसे ओळखायचे? आमच्याकडे पावसाळ्यात दोन्ही होते.

‘लास्ट’ या आज्ञेत ‘क्रॅश’ हा शब्द दिसला म्हणून कर्नल पडला असे समजू नये. मशीन नीट बंद झाल्याची नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीज गेली तरी तोच शब्द दिसतो. खरा पुरावा इतर ठिकाणी असतो. सर्व्हर दर्जाच्या मशीनवर बीएमसी नावाची वेगळी चिप असते आणि तिची स्वतःची घटनांची यादी असते. त्यात वीजपुरवठा गेल्याची, तापमान वाढल्याची किंवा मेमरीच्या दोषाची नोंद बहुधा मिळते. यूपीएसचा लॉगही पाहावा. एकाच यूपीएसवरची शेजारची मशीन त्याच क्षणी पडली असतील तर कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरी शक्यता लोक विसरतात. प्रोसेसरला स्वतःचीच चूक हाताळता आली नाही, तर काही प्रसंगी तो पॅनिकची एक ओळही न छापता थेट रीसेट होतो. हार्डवेअरच्या दोषाची नोंद मात्र प्रोसेसरच्या खास रजिस्टरांत (त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) राहते आणि गरम रीसेटनंतर (वीज न तोडता केलेल्या रीसेटनंतर) पुढचा कर्नल बूट होताना ती वाचून ‘हार्डवेअर एरर’ अशी ओळ छापतो. मागून मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू केला, की ही रजिस्टरे पुसली जातात. एका फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस चालू होताना सर्व्हर पडत असे आणि ऑपरेटर दर वेळी भिंतीवरचा स्विच बंद-चालू करी. पुरावा रोज तयार होत होता आणि रोज त्याच्याच हाताने पुसला जात होता. स्विचऐवजी रीसेटचे बटण दाबायला सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी मेमरीच्या एका पट्टीचे नाव हाती लागले.

५. केडंप म्हणजे काय? ते क्रॅश झाल्यावर बसवले तर चालेल का?

चालणार नाही, तहान लागल्यावर विहीर खणण्यातला तो प्रकार आहे. केडंपची कल्पना अशी की कोसळलेल्या कर्नलवर विश्वास ठेवून त्याच्याकडूनच डिस्कवर काही लिहून घेऊ नये, कारण ज्याची मेमरी बिघडली आहे तो डिस्कचीही नासाडी करू शकतो. त्याऐवजी बूट होतानाच मेमरीचा एक तुकडा राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा, छोटा कर्नल आधीच भरून ठेवायचा. पॅनिक झाला की ‘केएक्झेक’ या यंत्रणेने, बायोसला मध्ये न घेता, थेट त्या दुसऱ्या कर्नलमध्ये उडी मारली जाते. हा दुसरा कर्नल आपल्या राखीव तुकड्यातच राहतो, म्हणून पहिल्याची मेमरी जशीच्या तशी शाबूत असते. ती त्याला ‘प्रॉक’ खालील ‘व्हीएमकोअर’ या फाइलीच्या रूपाने दिसते, आणि तो तिची प्रत, म्हणजेच डंप, डिस्कवर किंवा नेटवर्कवर ठेवून मशीन रीस्टार्ट करतो. एका परीने हा पंचनामा आहे: मृताकडून जबाब न घेता, जागेवर जे जसे आहे तसे नोंदवून घेणे. ही सोय मूळ लिनक्समध्ये २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत आली.

बसवण्यासाठी तीन गोष्टी लागतात. कर्नलच्या बूट ओळीत ‘क्रॅशकर्नल’ हा पर्याय, साधन-पॅकेज (उबुंटूवर ‘लिनक्स-क्रॅशडंप’, रेड हॅटच्या घराण्यात केडंपचे पॅकेज आणि ‘केडंप’ सेवा), आणि त्यानंतर एक रीस्टार्ट. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते: मेमरी बूटच्या वेळीच राखली जाते, म्हणून पॅकेज बसवून मशीन तसेच चालू ठेवले तर काहीही साधलेले नसते.

६. किती मेमरी राखून ठेवावी? ८ जीबीच्या मशीनवर २५६ एमबी देणे जिवावर येते.

द्यावी. रेड हॅटच्या ९ व्या आवृत्तीत सामान्य ६४ बिटांच्या मशीनसाठी ठरवलेले मूळ प्रमाण असे आहे: १ ते ४ जीबी मेमरी असल्यास १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीसाठी २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी. जुन्या आवृत्त्यांत ‘ऑटो’ हा शब्द चालत असे. ९ व्या आवृत्तीपासून तो काढून टाकला आहे, त्यामुळे जुनी बूट ओळ नव्या मशीनवर उतरवून घेतली असेल तर ती तपासावी. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड), अनेक नेटवर्क कार्डे किंवा डंप नेटवर्कवर पाठवण्याची सोय असेल तर वरच्या आकड्यापेक्षा जास्त लागते. कमी दिली तर काय होते, ते पुढच्या उत्तरात आहे.

७. सेवा चालू आहे असे हिरव्या अक्षरांत दाखवते, पण क्रॅशनंतर क्रॅशचा फोल्डर रिकामाच. असे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सेवा चालू आहे याचा अर्थ एवढाच की एक स्क्रिप्ट चुकीविना संपली. दुसरा कर्नल खरोखर भरला आहे का, हे ‘सिस’ खालील ‘कर्नल’ फोल्डरातल्या ‘केएक्झेक-क्रॅश-लोडेड’ या फाइलीत कळते; तिथे १ असला पाहिजे. शेजारीच ‘केएक्झेक-क्रॅश-साइझ’ असते; त्यात शून्य असेल तर मेमरी राखलीच गेलेली नाही आणि पुढचे काही पाहण्याची गरज नाही.

तिथे १ असूनही डंप मिळत नसेल, तर साखळी दुसऱ्या कर्नलमध्ये तुटते आहे. त्याची कारणे माझ्या अनुभवात पुढील क्रमाने येतात. पहिले, राखीव मेमरी अपुरी पडते आणि दुसरा कर्नल बूट होता होताच मेमरी संपल्याच्या तक्रारीने स्वतः पडतो. दुसरे, त्याच्या छोट्या बूट प्रतिमेत डिस्कचा ड्रायव्हर नसतो. विशेषतः नवे रेड कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क नंतर बसवली आणि ती प्रतिमा पुन्हा बांधली नाही, तर त्याला डिस्क दिसतच नाही. तिसरे, डिस्कवर जागा नसते. ‘मेकडंपफाइल’ हे साधन ‘डी ३१’ या पर्यायाने शून्य पाने, डिस्कची कॅश, प्रोग्रॅमांची मेमरी आणि मोकळी पाने गाळते, त्यामुळे डंप मूळ मेमरीच्या मानाने बराच लहान होतो, पण तरीही काही जीबी जागा मोकळी हवीच. चौथे, हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे वेळेवर थोपटले नाही तर मशीन रीसेट करणारे घड्याळ: पहिला कर्नल त्याला ठरावीक वेळाने थोपटत असे, दुसऱ्याला त्याची माहितीच नसते, आणि डंप अर्धा लिहून होतो न होतो तोच वॉचडॉग मशीन रीसेट करतो.

पाचवे कारण कोणत्याही पुस्तकात नाही. शिरोलीतल्या एका ठिकाणी फोल्डरात दर वेळी ‘व्हीएमकोअर-इन्कम्प्लीट’ नावाची फाइल मिळे. केडंप आधी याच नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतो, म्हणजे लिहिणे मध्येच थांबत होते. वॉचडॉग बंद केला, मेमरी वाढवली, उपयोग शून्य. शेवटी रात्रपाळीच्या माणसाकडे चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, “पडदा काळा झाला की मी मिनिटभर बघतो आणि बटण दाबून धरतो, साहेब. लाइन थांबते ना.” आता त्या कपाटावर जाड अक्षरांत कागद चिकटवला आहे: पडदा काळा झाला तरी १५ मिनिटे बटणाला हात लावू नये. पुढच्या क्रॅशचा डंप पूर्ण मिळाला.

८. चाचणीसाठी मुद्दाम क्रॅश करायला सांगतात. चालू सर्व्हरवर हे करावे का?

करावे, पण वेळ ठरवून. क्रॅश न करता तपासलेला केडंप हा न तपासलेलाच असतो, कारण प्रश्न ७ मधली पाचही कारणे दुसरा कर्नल प्रत्यक्ष चालल्याशिवाय दिसतच नाहीत. डेटाबेस बंद करावा, बॅकअप झालेला असावा, ‘सिंक’ आज्ञा द्यावी, आणि मग ‘प्रॉक’ खालील ‘सिसरिक्यू-ट्रिगर’ या फाइलीत ‘सी’ हे एक अक्षर लिहावे. मशीन त्याच क्षणी पडेल. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हे काम गळीत हंगाम सुरू होण्याआधी करावे; हंगामात ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना अशी परवानगी कोणी देत नाही आणि मागूही नये.

कीबोर्डवरून आल्ट, सिसरिक्यू आणि सी दाबून काही झाले नाही, तर घाबरू नये. कीबोर्डवरच्या या कळांवर वेगळे बंधन असते. उदाहरणार्थ, उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये त्याचा आकडा १७६ आहे आणि त्यात क्रॅशची परवानगी येत नाही. फाइलीत लिहिणाऱ्या रूट वापरकर्त्याला हे बंधन लागू नाही.

९. आमचे मशीन पडत नाही, नुसते गोठते. माउस हलत नाही, पिंग कधी लागतो कधी नाही. यात डंप कसा मिळणार?

गोठणे म्हणजे पॅनिक नव्हे, म्हणून केडंपला हाक जातच नाही. आधी ते गोठणे पॅनिकमध्ये बदलून घ्यावे लागते. कर्नलकडे यासाठी तीन पहारेकरी आहेत. एखादा प्रोसेसर सुमारे २० सेकंद कर्नलमध्येच अडकून दुसऱ्या कोणाला वाव देत नसेल तर ‘सॉफ्ट लॉकअप’. इंटरप्टही (उपकरणांची तातडीची हाकही) घेत नसेल तर सुमारे १० सेकंदांनी ‘हार्ड लॉकअप’. आणि एखादी प्रोसेस १२० सेकंद न उठणाऱ्या झोपेत असेल तर ‘हंग टास्क’. मूळ सेटिंगमध्ये हे पहारेकरी बहुतेक ठिकाणी फक्त ओरडतात. प्रत्येकाचे ‘पॅनिक’ सेटिंग १ केले की ते मशीन पाडतात आणि डंप मिळतो. हंग टास्कच्या बाबतीत मी हे सरसकट करत नाही, कारण संथ नेटवर्क डिस्कमुळे बिचारी निरोगी मशीनही पडतील.

हंग टास्कविषयी आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: तो पहारेकरी मूळ सेटिंगमध्ये एकूण १० इशारे देतो आणि त्यानंतर गप्प बसतो. महिनाभर चालू असलेल्या मशीनवर दहा इशारे केव्हाच संपलेले असतात आणि अकराव्या वेळी मशीन खरोखर गोठते तेव्हा लॉग स्वच्छ असतो. इशाऱ्यांची संख्या उणे १ केली की ही मर्यादा जाते.

पहारेकरीही काही बोलत नसतील तर बाहेरून टोचावे लागते. बीएमसी असलेल्या सर्व्हरला आयपीएमआयच्या (बीएमसीशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) ‘पॉवर डायग’ या आज्ञेने एनएमआय म्हणजे न टाळता येणारा इंटरप्ट पाठवता येतो. ‘अननोन-एनएमआय-पॅनिक’ आधीच १ केलेले असेल तर तो पॅनिक घडवतो. व्हर्च्युअल मशीनसाठी प्रश्न १४ पाहा.

१०. केडंप बसवल्यापासून पीस्टोअर रिकामा राहतो. आधी त्यात निदान काही ओळी तरी मिळत होत्या.

हा दोष नसून ठरवलेला क्रम आहे. पीस्टोअर म्हणजे मदरबोर्डवरच्या यूईएफआयच्या (बायोसच्या नव्या रूपाच्या) साठ्यात किंवा मेमरीच्या राखीव पट्ट्यात कर्नलच्या शेवटच्या ओळी ठेवण्याची सोय. पॅनिक झाल्यावर कर्नल आधी ‘केडंप भरलेला आहे का’ हे पाहतो, आणि असेल तर तत्काळ तिकडे उडी मारतो. पीस्टोअरला कळवण्याची पायरी त्याच्या नंतर येते, म्हणून ती कधी घडतच नाही. बूट ओळीत ‘क्रॅश-केएक्झेक-पोस्ट-नोटिफायर्स’ हा पर्याय दिला तर क्रम उलटतो: आधी पीस्टोअर, मग केडंप. यात धोका असा की कोसळलेल्या कर्नलकडून जास्त काम करून घेतले जाते आणि त्यातच तो अडकला तर केडंपही हुकतो. केडंप चाचणीत नीट चालत असेल (प्रश्न ८) तर क्रम बदलू नये. केडंप पुन्हा पुन्हा फसत असेल, तर पीस्टोअरच्या चार ओळी हाताशी असलेल्या बऱ्या.

पीस्टोअर रिकामा दिसण्याचे आणखी एक साधे कारण असते. सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) बूट होताना त्यातल्या फाइली उचलून ‘व्हार’ खालील ‘लिब’, त्याखालील ‘सिस्टमडी’ आणि त्याखालील ‘पीस्टोअर’ या फोल्डरात हलवते. आधी तिथे पाहावे.

११. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला तर चालेल का?

काहीच नसण्यापेक्षा फोटो बरा, पण त्यात बहुधा चुकीचा भाग येतो. एका वजनकाट्यावरून पहाटे तीनला आलेल्या फोटोत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब, ऑपरेटरचा अंगठा आणि शेवटची एक ओळ होती: ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’. ही ओळ म्हणजे मृत्यूचा दाखला. कारण त्याच्या तीस-चाळीस ओळी वर, ‘बग’ किंवा ‘ऊप्स’ने सुरू होणाऱ्या पहिल्या अहवालात होते आणि ते पडद्यावरून वर सरकून गेले होते. अनेक अहवाल एकामागून एक आले असतील तर पहिलाच महत्त्वाचा. पुढचे बहुधा त्याचे परिणाम असतात.

२०२४ मध्ये आलेल्या ६.१० आवृत्तीपासून कर्नलमध्ये ग्राफिक पडद्यावर पॅनिकचा संदेश दाखवण्याची सोय आली, आणि ६.१२ पासून त्यात क्यूआर कोडही छापता येतो, ज्यात लॉगचा बराच भाग मावतो. ग्राफिक्स ड्रायव्हरने ती सोय स्वीकारलेली असेल तरच ती चालते.

फोटोपेक्षा सिरियल कन्सोल कितीतरी चांगला. सर्व्हरला सिरियल पोर्ट असेल, तर बूट ओळीत ‘कन्सोल’ पर्यायात तो पोर्ट आणि ११५२०० हा वेग द्यावा, दुसऱ्या टोकाला जुना लॅपटॉप बसवावा आणि येईल ते फाइलीत साठवावे. बूट ओळीतला ‘क्वाएट’ शब्द काढायला विसरू नये. पोर्ट नसेल तर ‘नेटकन्सोल’ वापरता येतो: तो कर्नलचे संदेश यूडीपीने, मूळ सेटिंगप्रमाणे ६६६६ क्रमांकाच्या पोर्टवर, दुसऱ्या मशीनला पाठवतो. त्यात समोरच्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता आधीच दिलेला बरा, आणि नेटवर्क ड्रायव्हरच कोसळला असेल तर अर्थातच काही येत नाही.

१२. सिक्युअर बूट चालू केल्यापासून केडंप भरत नाही. परवानगी नाही असे म्हणतो.

सिक्युअर बूट म्हणजे सही तपासूनच कर्नल सुरू होऊ देणारी सोय. तिच्याबरोबर लिनक्सच्या अनेक वितरणांत (उबुंटू, रेड हॅट वगैरे) कर्नलचे ‘लॉकडाउन’ चालू होते आणि मग सही नसलेला कर्नल केएक्झेकने भरता येत नाही. तसे करता आले असते तर सिक्युअर बूटला अर्थच उरला नसता. उपाय म्हणजे वितरणाचा सही असलेला कर्नल वापरणे आणि केएक्झेकला नव्या, सही तपासणाऱ्या मार्गाने भरायला सांगणे, म्हणजे त्याला ‘एस’ पर्याय देणे. स्वतः बांधलेल्या कर्नलवर स्वतःच सही करून ती चावी मशीनमध्ये नोंदवावी लागते. सिक्युअर बूट बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. पतसंस्थेच्या मशीनवर मी तो देणार नाही.

१३. डिस्क एन्क्रिप्टेड आहे. मग डंप कुठे लिहिला जाणार?

दुसऱ्या कर्नलला पासवर्ड सांगायला पहाटे तीनला कोणी नसतो, आणि पासवर्डवरून चावी काढण्याची नवी पद्धत मुद्दाम इतकी मेमरी मागते की राखीव तुकड्यात ती बसत नाही. म्हणून डंप एन्क्रिप्ट न केलेल्या वेगळ्या पार्टिशनवर किंवा एसएसएचने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवावा. पहिला मार्ग निवडल्यास प्रश्न १६ नीट वाचावा.

१४. आमचे सर्व्हर व्हर्च्युअल आहेत. तिथेही हे सगळे करायचे का?

आतून केडंप चालतोच, पण बाहेरून आणखी सोपे मार्ग आहेत. केव्हीएमवर (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीवर) ‘व्हर्श डंप’ने गोठलेल्या मशीनची मेमरी बाहेरूनच फाइलीत घेता येते, ‘इंजेक्ट-एनएमआय’ने प्रश्न ९ मधला टोचा देता येतो, आणि सिरियल कन्सोल तर फुकटच मिळतो. ‘पीव्हीपॅनिक’ हे आभासी उपकरण जोडले तर पाहुण्या मशीनमधल्या पॅनिकची खबर यजमानाला कळते. मात्र पॅनिक होताच मशीन रीस्टार्ट करण्याचे सेटिंग यजमानावर असेल, तर डंप लिहून होण्याआधीच ते पाडले जाऊ शकते.

१५. डंप मिळाला, पण ‘क्रॅश’ हे साधन आवृत्ती जुळत नाही म्हणते. लॉगमध्ये नावांपुढे प्रश्नचिन्हे आहेत. वाचायचे कसे?

डंप ज्या कर्नलचा आहे, नेमक्या त्याच बांधणीची डीबग माहिती असलेली ‘व्हीएमलिनक्स’ फाइल लागते. आवृत्तीचा पहिला आकडा जुळून भागत नाही, शेवटचा उपक्रमांकही तोच हवा. क्रॅशनंतर मशीन अपडेट झाले की लोक नव्या कर्नलची फाइल देतात आणि अडतात. डंप उघडण्याआधी त्याच्या शेजारची ‘व्हीएमकोअर-डीमेसेज’ ही मजकुराची फाइल वाचावी, कारण पुष्कळदा तिथेच काम होते.

प्रश्नचिन्ह असलेली नावे म्हणजे स्टॅकवर (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याच्या नोंदीत) सापडलेले, पण या कॉलसाखळीचे असल्याची खात्री नसलेले पत्ते. ती आधी बाजूला ठेवून उरलेली साखळी वाचावी. ‘टेंटेड’ (म्हणजे कर्नलला डाग लागला आहे) या शब्दापुढची अक्षरेही पाहावीत: ‘पी’ म्हणजे मालकीहक्काचे मॉड्यूल, ‘ओ’ म्हणजे कर्नलबाहेर बांधलेले मॉड्यूल, ‘डी’ म्हणजे याआधीच एक ऊप्स होऊन गेला आहे. ‘डी’ दिसला की हातातला अहवाल पहिला नाही, जुना शोधावा.

एखादी चेतावणी एकदाच येऊन पुन्हा कधी दिसत नसेल, तर तीही हरवलेली नसते. कर्नलमधल्या काही चेतावण्या एका बूटमध्ये एकदाच छापण्यासाठी लिहिलेल्या असतात. ‘डीबगएफएस’ या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फोल्डरातल्या ‘क्लिअर-वॉर्न-वन्स’ या फाइलीत १ लिहिला की त्या पुन्हा बोलू लागतात.

१६. हार्डवेअर पुरवणाऱ्याने पूर्ण डंप मागितला आहे. पाठवू का?

लगेच नको. डंप म्हणजे त्या क्षणीची मेमरी, आणि त्या मेमरीत सभासदांची नावे, खाते क्रमांक, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या चाव्या असू शकतात. ‘डी ३१’ ने प्रोग्रॅमांची पाने गळतात हे खरे, परंतु कर्नलच्या स्वतःच्या मेमरीतल्या चाव्या आणि नेटवर्कचे बफर राहतातच. आधी फक्त मजकुराची लॉग फाइल पाठवावी. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. पूर्ण डंप द्यावाच लागला, तर तो कोण पाहणार, कुठे ठेवणार आणि केव्हा पुसणार हे लेखी घ्यावे. वैयक्तिक डेटाविषयीचा २०२३ चा कायदा ‘आम्ही फक्त मेमरी पाठवली’ अशी सबब ऐकून घेईल असे मला वाटत नाही.

१७. काउंटरवरची मशीन विंडोजची आहेत. निळा पडदा येतो, पण मिनीडंप नाही.

विंडोज क्रॅशचा मजकूर आधी सामान्यतः पेजफाइलमध्ये (मेमरीला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेल्या फाइलीत) लिहिते आणि पुढच्या बूटला तिथून डंपच्या फाइलीत हलवते. त्यामुळे वेग वाढवण्याच्या नादात पेजफाइल बंद केलेली असेल किंवा सी ड्राइव्हवरून दुसरीकडे हलवली असेल, तर डंप मिळत नाही. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ मध्ये डंपचा प्रकार ‘नन’ तर नाही ना, हे पाहावे. डिस्क ‘साफ’ करणारी फुकट साधने मिनीडंपचा फोल्डर न विचारता रिकामा करतात, हेही लक्षात घ्यावे. घटनांच्या यादीतला ‘कर्नल-पॉवर ४१’ हा विंडोजमधला प्रश्न ४ आहे: मशीन नीट बंद झाले नव्हते, एवढेच तो मुख्यतः सांगतो.

१८. केडंप बसवल्यापासून सहा महिने एकही क्रॅश नाही. २५६ एमबी अडकून पडली आहे. काढून टाकू का?

हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतो, आणि विचारणारा बहुधा लेखा विभागातला असतो. काढू नये. मात्र या सहा महिन्यांत कर्नल दोन-तीनदा अपडेट झाला असेल, कदाचित एखादी डिस्कही बदलली असेल. म्हणून ‘केएक्झेक-क्रॅश-लोडेड’ मध्ये अजून १ आहे का ते आजच पाहावे, आणि येत्या सुटीच्या दिवशी प्रश्न ८ मधले ‘सी’ अक्षर पुन्हा एकदा लिहून पाहावे.